जुनी मस्टँग लांबून घेताना



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काही आपल्यासाठी नाही. साठ वर्षं जुनी अमेरिकन गाडी, ती जर्मनीत, आणि घेणारा मराठी माणूस! पण तुमच्या ओळखीत असा एक तरी जण असेल, ज्याच्या फोनमध्ये रात्री अकरानंतर जुन्या गाड्यांचे फोटो उघडे असतात. आमच्या घरात तो जण मी आहे. म्हणून आज मी पुन्हा बांधून काढलेली जुनी गाडी दुसऱ्या टोकाला असताना कशी पारखायची, ते सांगणार आहे. त्यातलं काही मी शहाणपणानं शिकलो आणि काही थोडक्यात वाचून शिकलो.

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या वर्षी मला १९६६ची फोर्ड मस्टँग घ्यायची होती. जाणकार लगेच म्हणतील, ही मसल कार नव्हे, 'पोनी कार'. मान्य. पण व्ही-८ इंजिन सुरू झालं की हा वाद ऐकू येत नाही. बाजूला ठेवलेले पैसे ३५,००० युरोच्या आसपास होते. ते ज्या खात्यात होते, त्याच्या शेजारचं खातं मुलीच्या शिक्षणाचं. चुकलो असतो तर पहिल्या खात्यातली गळती दुसऱ्यातून भरावी लागली असती. बायको एवढंच म्हणाली, "अरे, घे. पण नुसता फोटो बघून होकार देणारी आपल्या घराण्यातली शेवटची व्यक्ती तुझी आजी होती. तिथेच थांबू दे ते."

पहिली गाडी मला जाहिरातीत दिसली. लाल रंग, चकचकीत क्रोम, 'ओरिजिनल व्ही-८, पूर्ण रिस्टोअर केलेली'. ते फोटो मी निदान चाळीस वेळा पाहिले असतील. मग विक्रेत्याकडे चेसिस नंबरचा फोटो मागितला. १९६५-६६च्या मस्टँगमध्ये बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्याच्या काठावर तो ठोकलेला असतो. दाराच्या कडेला लावलेल्या पाटीवरही तोच असतो, आणि दोन्ही जुळायला हवेत.

हा नंबर वाचायला सोपा आहे. पहिला आकडा वर्षाचा, ६ म्हणजे १९६६. मग कारखान्याचं अक्षर: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचेन. पुढचे दोन आकडे बॉडीचे: ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. सी, ए किंवा के असेल तर ४.७ लिटरचं व्ही-८. टी असेल तर सहा सिलिंडरचं साधं इंजिन.

माझ्या लाल गाडीत पाचवं अक्षर टी होतं.

मग फोटो पुन्हा उघडले आणि चाकांचे नट मोजले. चार. त्या काळच्या व्ही-८ मस्टँगला प्रत्येक चाकाला पाच नट असतात, सहा सिलिंडरच्या गाडीला चार. चाळीस वेळा रंग पाहिला, पण एकदाही नट मोजले नव्हते. म्हणजे साध्या गाडीत मोठं इंजिन बसवलं होतं, आणि चाकं, ब्रेक व अॅक्सल हलक्या इंजिनाचेच होते. हा नुसता किमतीचा प्रश्न नाही. ऑटोबानवर थांबायची वेळ आली तर ते ब्रेक थांबवणार कोणाला, माझ्या मुलीला घेऊन चाललेल्या गाडीला! विक्रेता म्हणाला, "अमेरिकेत सगळेच असं करतात." करतातही. पण मग 'ओरिजिनल' लिहू नये.

एमबीएला असताना जॉर्ज अॅकरलॉफचा १९७०चा एक शोधनिबंध शिकलो होतो. विषय होता जुन्या गाड्यांचा बाजार. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्या एका फरकामुळे सगळा बाजार बिघडतो. पुढे २००१ साली अॅकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षेत मी त्यावर उत्तर छान लिहिलं होतं. प्रत्यक्षात नट मोजायला विसरलो.

आता जर्मनीतल्या कागदांबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. तीस वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात चांगली राखलेली गाडी असेल तर तिला नंबराच्या शेवटी 'एच' लिहिलेली पाटी मिळते. १९९७पासून ही सोय आहे. वर्षाचा कर ठरलेला, सुमारे १९२ युरो, इंजिन कितीही मोठं असो. शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रातही जाता येतं. मग लोक समजतात, एच पाटी आहे म्हणजे गाडी खरी. तसं नाही. त्या काळात जे बदल होत असत, ते केलेल्या गाडीलाही एच मिळू शकते. माझ्या लाल गाडीलाही ती होती.

दर दोन वर्षांची ट्यूफ किंवा डेक्राची तपासणी सांगते, की गाडी त्या दिवशी रस्त्यावर चालायला सुरक्षित वाटली. विम्यासाठी काढलेला मूल्यांकनाचा अहवाल गाडीला १ ते ५ गुण देतो, आपल्या मुलांच्या इथल्या शाळेसारखेच, १ म्हणजे उत्तम. पण तो मालकानं मालकासाठी काढलेला असतो. यातला एकही कागद तुमच्यासाठी लिहिलेला नाही. तुमच्यासाठी लिहील असा माणूस तुम्हालाच पाठवावा लागतो.

तेच मी दुसऱ्या गाडीच्या वेळी केलं. ती ब्रेमेनजवळ होती, आमच्याकडून सहाशे किलोमीटरहून जास्त. सी-कोड हार्डटॉप, पाच नट, मागणी ३६,५०० युरो. त्या भागातला एक स्वतंत्र तपासनीस ठरवला. विक्रेत्याच्या ओळखीचा नको, ही माझी एकच अट होती. साडेचारशे युरो दिले. त्याला चार कामं सांगितली, ती तुम्हीही लिहून ठेवा.

एक, रंगाची जाडी मोजायची. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत ३००-४०० दिसले तर घाबरू नका. १,०००च्या वर आकडा गेला, की खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर फ्रिजवरचं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून लावा, पुट्टीवर ते धरत नाही.

दोन, गाडी लिफ्टवर घ्यायची. खालच्या बाजूला नवाकोरा काळा थर फासलेला असेल तर विचारा, आत्ताच का? पाय ठेवायच्या जागेचे पत्रे, मागच्या पाट्यांची टोकं जिथे बसतात ते भाग, पुढच्या सस्पेन्शनचे उंच खांब, इथे गंज आणि गंजावर चढवलेले तुकडे शोधायचे.

तीन, पाण्याची परीक्षा. विंडस्क्रीनच्या पुढे जाळी असते, तिच्याखाली पत्र्याचा एक बंद हौदच असतो. वर्षानुवर्षं त्यात पानं कुजतात आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून काहीच दिसत नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन त्या जाळीत हळूहळू पाणी ओतायचं आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली झोपायचं.

चार, इंजिन थंड असताना सुरू करायचं. विक्रेत्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

अहवाल आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, टेबलाखाली वाचला. मागच्या डाव्या मडगार्डखाली पुट्टी. पाण्याच्या परीक्षेत ड्रायव्हरच्या पायापाशी धार लागली. बाकी सांगाडा सरळ, इंजिन उत्तम. रिस्टोरेशनच्या वेळचे, पत्रा उघडा असतानाचे फोटो विक्रेत्याकडे होते आणि त्यानं ते दाखवले. लक्षात ठेवा, तयार गाडीचे फोटो म्हणजे आमच्या आयटीतला डेमो. उघड्या पत्र्याचे कुरूप फोटो ज्याच्याकडे आहेत, त्याच्याशी बोलणं पुढे न्यावं.

हौदाच्या दुरुस्तीला वेल्डिंगचे असंख्य टाके सोडवावे लागतात, मजुरीच जास्त. अंदाज आला चार हजारांच्या वर. तो अहवाल तसाच विक्रेत्याला पाठवला. भाव ठरला ३२,००० युरो. मग मी ट्रेननं गेलो, स्वतः पाहिली, चालवली, आणि तिथेच करार केला.

करारात एकेक गोष्ट लिहून घ्या. इंजिनाचा कोड, माहीत असलेला गंज, बदललेले भाग. खासगी विक्रेता दोषांची जबाबदारी कायद्यानं नाकारू शकतो, फक्त जाणूनबुजून लपवलेलं त्याला झटकता येत नाही. व्यावसायिक विक्रेता असेल तर जुन्या गाडीवरही निदान एक वर्षाची जबाबदारी त्याच्यावर राहते. चौदा दिवसांत परत करायचा हक्क मात्र सगळा व्यवहार लांबूनच झाला असेल, तेव्हाच मिळतो. आणि पूर्ण पैसे तेव्हाच द्या, जेव्हा फारत्सॉइग-ब्रीफ, म्हणजे गाडीचा मूळ कागद, तुमच्या हातात येईल.

दोन गोष्टी जाता जाता. जर्मनीत मस्टँग हे नाव एसेनच्या क्रुप कंपनीकडे होतं, त्यांच्या ट्रकसाठी. म्हणून १९७८ संपेपर्यंत फोर्डनं इथे ती 'टी-५' नावानं विकली. आज त्या नावाला भाव आहे, पण ती अक्षरं विकत मिळतात. दाराची पाटी आणि जुने जर्मन कागद पाहिल्याशिवाय जास्त पैसे देऊ नका. दुसरं, थेट अमेरिकेतून आणणार असाल तर कस्टम्सनं गाडी संग्राह्य वस्तू मानली की आयात-व्हॅट ७ टक्के लागतो, नाहीतर १९. हे जहाजावर चढवण्याआधी विचारा.

गाडी हिवाळाभर वर्कशॉपमध्ये होती. अंदाजापेक्षा सातशे युरो जास्त लागले. तरी रागावलो नाही, कारण ती खोड मला घेण्याआधी माहीत होती आणि तिचे पैसे किमतीतून वजा झाले होते. साठ वर्षांची गाडी निर्दोष नसतेच. तिचे दोष पैसे देण्याआधी कळले की त्याला व्यवहार म्हणायचं, नंतर कळले तर पश्चात्ताप. शेजारच्या खात्याला हात लागला नाही, एवढं मला पुरे आहे.

तेव्हा मंडळी, रात्री अकरानंतर एखादा लाल फोटो फारच आवडला, तर आधी चाकांचे नट मोजा. मग झोपा. सकाळी चेसिस नंबर मागा.