वेंगुर्ल्याची डच वखार : दगड तिथे, कागद इथे

(फेल्डहोवन येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



किल्ला म्हटला की आपल्या मराठी डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. समुद्र म्हटला तर फार तर सिंधुदुर्ग आणि जंजिरा. आज ज्या वास्तूबद्दल बोलणार आहे तिला आपण किल्ला म्हणतही नाही. वेंगुर्ल्यात लोक तिला ‘डच वखार’ म्हणतात. पण व्हीओसीने, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीने, ती नुसती गोदाम म्हणून उभारली नव्हती. जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि तटबंदी वेलदोडे ठेवायला लागत नाहीत.

कारण होते गोवा. १६३६ ते १६४४ या काळात जवळजवळ दरवर्षी डच आरमार पावसाळा सरला की मांडवीच्या तोंडाशी येऊन पोर्तुगीजांची कोंडी करी आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की परत जाई. इतके महिने समुद्रात थांबायचे तर पाणी, तांदूळ आणि बातम्या जवळून मिळायला हव्यात. वेंगुर्ले गोव्याच्या उत्तरेला, अगदी हाताशी. आणि मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा, ज्याचे पोर्तुगीजांशी फारसे सख्य नव्हते. १६३७ साली योहान व्हान ट्विस्ट हा कंपनीचा वकील विजापूरला गेला आणि वखारीची परवानगी मिळाली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने वेंगुर्ल्याच्या बंदराची, पाण्याची, तांदळाची आणि वेलदोड्यांची तारीफ केली आहे. आपल्या कोकणाची जाहिरात साडेतीनशे वर्षांपूर्वीच झाली होती म्हणायची!

पण वखारीतून बाहेर गेलेला सर्वात मोलाचा माल म्हणजे पत्रे. विजापूरच्या दरबारातली भांडणे, शिवाजी महाराजांच्या दक्षिण कोकणातल्या हालचाली, कोणती गलबते कुठे गेली, हे सगळे इथले कारकून लिहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पाठवीत. तिथून नकला हॉलंडला येत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३०च्या दशकात आपल्या इंग्रजी शिवचरित्रासाठी डच कागदांचा उपयोग केला. त्यानंतर मात्र आपल्याकडे डच शिकून हे कागद वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आपण भावनेने इतिहासावर भांडतो, पण साधनांसाठी एक भाषा शिकायची तयारी नसते. हे जरा कठोर वाटेल, पण मला तसे दिसते.

या डच कागदांत काय सापडते त्याचे एकच उदाहरण देतो. ते वेंगुर्ल्याचे नाही, पूर्व किनाऱ्याचे आहे. १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेवर असताना महाराजांनी डचांना कौल दिला. त्यात स्पष्ट अट आहे : पूर्वीच्या राजवटीत तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन बाहेर नेता येत होते, माझ्या अमलात ते चालणार नाही. या देशाच्या पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती डिसेंबर २०२२ मध्ये, राजाने जुलै २०२३ मध्ये. मिरवणुकीत तलवारीपेक्षा या कौलाची प्रत पुढे धरली तर मला जास्त आवडेल.

मात्र हे कागद डोळे मिटून वाचण्याचे नव्हेत. लिहिणारी कंपनी तीच, जिने १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली किंवा हुसकावून लावली. तिचा कारकून दुष्काळ लिहितो तो तांदळाचा वाढलेला भाव म्हणून. जांभा फोडणारा, गोणी वाहणारा, होडी वल्हवणारा माणूस त्याच्या कागदात बहुधा नावाने येत नाही, खर्च म्हणून येतो. तो आपणच शोधायचा.

आता वखारीचे काय झाले? १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतले, त्यांच्याशी तहही झाला होता; गोव्यावर पहारा ठेवण्याची निकड संपली. मुलखात लढाया आणि लुटालूट चालूच होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच निघून गेले आणि वखार सावंतवाडीकरांच्या हाती आली. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. पुढे या इमारतीत सरकारी कचेऱ्या भरत, म्हणून ती टिकली. कचेऱ्या हलल्या आणि छप्पर, मजले, भिंती एकेक करून ढासळत गेल्या. कागदोपत्री ती राज्य संरक्षित स्मारक आहे.

इंग्लंडमध्ये डीलजवळ सँडाउनचा किल्ला होता. आठव्या हेन्रीने १५३९-४० मध्ये शेजारीशेजारी बांधलेल्या तीन किल्ल्यांपैकी एक. डील आणि वॉल्मर आजही पाहता येतात. सँडाउन समुद्राने पोखरला आणि एकोणिसाव्या शतकात उरलासुरला लष्करानेच पाडला. तिथे निदान समुद्राला दोष देता येतो. वेंगुर्ल्यात दोष कोकणच्या पावसाला देतात, पण पाऊस तर कचेऱ्या होत्या तेव्हाही पडत होता.

“परक्यांची वखार, पडली तर पडू दे” असे म्हणणारे आपल्यातही आहेत. मला हे पटत नाही. पैसा आणि हुकूम परक्यांचा असेल, पण दगड कोकणचा आणि राबणारे हात तिथल्याच माणसांचे. ती वास्तू डचांचे स्मारक म्हणून नव्हे, वेंगुर्ल्याची म्हणून जपायला हवी. नेदरलँड्स सरकारने ‘सामायिक वारसा’ धोरणात भारताला भागीदार देशांमध्ये धरले होते, तेव्हा इथल्या सरकारकडे तज्ज्ञांची मदत मागायला संकोच नको. भीक म्हणून नव्हे; कागद त्यांच्याकडे आहेत म्हणून.

ते कागद आपल्यापासून फार दूर नाहीत. हेगच्या मध्यवर्ती स्टेशनाला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे. आइंडहोवनहून रेल्वेने दीड-पावणेदोन तास. व्हीओसीचे दफ्तर तिथे सव्वा किलोमीटर लांबीच्या फडताळांत आहे आणि २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहे. त्याचा मोठा भाग आता इंटरनेटवर आहे. ‘ग्लोबलाइज’ या प्रकल्पात तर सुमारे पन्नास लाख पानांचे जुने हस्ताक्षर संगणकाकडून वाचून घेतले गेले आहे. संगणक चुका करतो, त्या सुधारायला डच आणि कोकण दोन्ही जाणणारी माणसे लागतात. इथे चिप्सच्या यंत्रांवर काम करणारे आणि मालवण-कुडाळकडचे असे एकाच खोलीत बसलेले दुसरीकडे कुठे मिळणार?

शोधताना ‘वेंगुर्ले’ टाकू नका, काही मिळणार नाही. डच कारकून ‘विंगुर्ला’ लिहीत, तेही मनाला येईल तसे. ज्यांना एकत्र बसून ही पत्रे वाचायची असतील त्यांनी चहाच्या वेळी नावे द्यावीत. जुनी डच भाषा येत नसली तरी चालेल, सुरुवात १६३७ च्या पत्रांपासून करू.