पहाटेचे तास

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात ‘घरातले श्रम’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सत्रात मी सल्ला केंद्रातल्या अनुभवांवर बोलेन अशी तुमची अपेक्षा असणार. तयारीला बसले तेव्हा लक्षात आलं, की गेली बारा वर्षं या विषयावर मी कायम दुसऱ्यांच्या घरांबद्दलच बोलत आले आहे. म्हणून आज स्वतःच्या घराबद्दल बोलते. नवऱ्याला विचारून आले आहे. तो म्हणाला, “सांग, पण माझी वेळ बरोबर सांग.” वेळ म्हणजे शर्यतीची वेळ. ती येईल पुढे.

आम्ही कोल्हापूरचे. दोन मुलगे, थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सहा. नवरा कारखान्यात अभियंता आहे आणि ट्रायथलॉन करतो. हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एकामागून एक. यातल्या आयर्नमॅन नावाच्या मोठ्या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावायचं. याच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली आणि आमच्या ओळखीपाळखीत ही लागण पसरली. पहाटे राजाराम तलावावर पोहणारे, रविवारी गगनबावड्याच्या रस्त्यानं सायकली हाणणारे. डॉक्टर, वकील, पोलीस, व्यापारी. बहुतेक पुरुष. बायकाही आहेत, पण त्यांची मुलं एक तर मोठी झालेली, नाही तर अजून व्हायची.

तसं कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून शरीर कमावणारा पुरुष हा आमच्या गावाचा अभिमान. माझा एक मामा पैलवान होता. आजी पहाटे चारला उठून म्हैस पिळायची. धारोष्ण दूध मामाचं, बदाम वाटून दिलेली थंडाई मामाची, तूप मामाचं. माझ्या आईच्या आणि मावशीच्या वाट्याला ताक. मामानं एक गदा जिंकून आणली, ती आजही आजोळी भिंतीवर आहे. आजी मात्र कुठल्याही फोटोत नाही. हे आईनं मला लहानपणापासून कौतुकानं सांगितलेलं. मलाही त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नव्हतं. माझ्या फ्रिजवर नवऱ्याच्या सरावाचा तक्ता लागला तेव्हा ते आठवलं.

तक्ता म्हणजे प्रशिक्षकानं पाठवलेलं वेळापत्रक. मंगळवार, पोहणं. बुधवार, धावणं. रविवार, लांब पल्ल्याची सायकल. सुरुवातीला आठवड्याला आठ तास, शर्यत जवळ आली की बारा. त्यात ‘विश्रांती’लासुद्धा वेगळा रकाना. आठवडाभराचं इतकं नेटकं नियोजन मी संस्थेच्या अनुदानाच्या अर्जातही पाहिलेलं नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. माझ्यासमोर ज्या बायका येऊन बसतात त्यांचे नवरे पितात, मारतात, पगार घरी देत नाहीत. माझा नवरा सुपारीही खात नाही. साडेनऊला झोपतो. मुलांवर हात उगारत नाही. त्या बायकांच्या दुःखाशी मी माझी तुलना करत नाहीये, ते अश्लाघ्य होईल. पण सद्गुणाविरुद्ध गाऱ्हाणं कुठं मांडायचं? जावा म्हणतात, नशीब काढलंस. सासूबाई म्हणतात, पोरगा तब्येत राखून आहे. सोसायटीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देतात. अशा घरात बाईनं ‘मी दमले’ म्हटलं, की ती कुरकुरी ठरते. मी स्वतःही स्वतःला तसंच ठरवलं होतं.

केंद्रात आम्ही बायकांना एक वही देतो. आठवडाभर काय काय केलं ते वेळेसकट लिहा म्हणतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आम्ही लिहून घेतो. २०२३ च्या जूनमध्ये, चिडून नव्हे, नुसत्या कुतूहलानं मी ती वही घरी आणली. त्या आठवड्यात त्याचा सराव अकरा तास झाला. त्या सरावापायी माझं जादा काम भरलं नऊ तास. घामेजलेले कपडे लगोलग भिजवणं, रताळी उकडणं, अंडी सोलणं, पहाटेचा डबा रात्रीच करून ठेवणं, आणि रविवारी दुपारी तो झोपला की दोन दांडग्या पोरांना तीन तास गप्प ठेवणं. हे शेवटचं काम सगळ्यांत कठीण. मुलांना उठवणं, आंघोळी, शाळेची बस यांतलं त्याच्या वाट्याचं काम माझ्याकडे कधी सरकलं, ते तर मी धरलंच नव्हतं.

आकडे तुम्हाला लागतातच, म्हणून देशाचेही सांगते. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरातल्यांची देखभाल, म्हणजे मुलं, म्हातारी, आजारी माणसं, यात बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. आणि ही सरासरी जे काम करतात त्यांचीच आहे. करतच नाहीत असे पुरुष यात धरलेले नाहीत.

तेव्हा पहाटे साडेचार ते साडेआठ हे जे चार तास, ते रिकामे पडलेले नसतात. ते कुणीतरी रिकामे करून दिलेले असतात. हे मला कळत होतं. व्याख्यानात मी हेच सांगत होते. तरी ती वही मी कपाटात ठेवून दिली, आणि ती बाहेर निघायला एक रविवार यावा लागला.

जुलैचा रविवार. केंद्राचा फोन सुट्टीच्या दिवशी आळीपाळीनं आमच्यातल्या एकीकडे असतो, त्या दिवशी माझ्याकडे होता. साडेसहाला फोन आला. एक बाई, रात्री घराबाहेर काढलेली, दोन वर्षांचं मूल घेऊन एसटी स्टँडवर बसली होती. मी म्हटलं, तिथंच बस, मी येते. आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला जाता येणार नाही. धाकट्याला रात्रीपासून ताप, एकशे दोन. सासूबाई गावी. नवरा साडेचारलाच गगनबावड्याकडे गेलेला. घाटात फोन लागत नाही. खालच्या काकू देवळात गेलेल्या, त्या आल्यावर पावणेनऊला मी मुलांना त्यांच्याकडे सोपवून निघाले. स्टँडवर पोचले तर बाक रिकामा. चहावाल्यानं सांगितलं, “एक माणूस आला, पोराला उचललं आणि चालू लागला. ती गेली मागोमाग.”

मी दुसऱ्या कार्यकर्तीला फोन करू शकले असते. एक तर पंधरा मिनिटांत पोचली असती. केला नाही, कारण तिला काय सांगणार? माझा नवरा सायकल चालवायला गेलाय म्हणून मला येता येत नाही? मीच गेल्या महिन्यात समान श्रमविभागणीवर सत्र घेतलेलं. त्या लाजेपायी दोन तास गेले. ती बाई पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा आली, हात प्लास्टरमध्ये. तिनं मला त्या रविवारबद्दल एक शब्दही विचारला नाही. तिचा हात बघत मी अर्ज लिहून घेतला.

नवरा त्या दिवशी साडेबाराला आला. एकशे बारा किलोमीटर झाले म्हणून खुशीत. मी भांडले नाही. वही पुढ्यात ठेवली. त्यानं ती उभ्यानंच वाचली, मग बसून पुन्हा वाचली. म्हणाला, “तू सांगायचंस ना रात्री. मी गेलो नसतो.”

हे वाक्य तो मनापासून बोलला आणि म्हणूनच ते महत्त्वाचं आहे. तो गेला नसता, हे खरं. पण मूल आजारी आहे हे दोघांनाही दिसत असताना ‘जाऊ नकोस’ हे सांगायचं काम माझं. न सांगितल्याचा दोषही माझा. त्याचं जाणं ठरलेलं, आणि माझं घरी असणं न ठरवताच ठरलेलं. यावर आम्ही आठवडाभर बोललो, काही दिवस अबोलाही झाला.

मग प्रशिक्षकाच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लागला. त्यात चौघंही होतो. सरावाच्या तासासमोर त्या तासाला मुलं कुणाकडे ते लिहायचं, आणि ते लिहिता आलं नाही तर सराव नाही. केंद्राचा फोन माझ्याकडे असेल त्या रविवारी सायकल नाही. ‘मदत’ हा शब्द घरात बंद. बुधवारी आणि शुक्रवारी मुलांचं सगळं त्याच्याकडे. हे सुरळीत झालं असं समजू नका. त्यानं चार दिवस ओळीनं पोळी-जॅम दिला, मी टोमणे मारले, तो म्हणाला, मग तूच कर. त्यात माझीही चूक होती. सोडलेल्या कामावरचा ताबाही सोडावा लागतो, तो मला सुटत नव्हता. स्वयंपाकघरातली सत्ता, लहानशी का होईना, आपल्याला हवीच असते.

आणि मग आम्ही दोघांनी मिळून एक चूक केली. तक्ता जुळेना, तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, साडेसातऐवजी सहाला याल का, पाचशे रुपये जास्त देऊ. त्या हो म्हणाल्या. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. तीन आठवड्यांनी सहज विचारलं, सकाळी लवकर निघता तर घरचं कसं? म्हणाल्या, “पोरगी करते की. पाणी भरती, भाकरी टाकती, भावाला साळंत सोडती.” पोरगी दहावीत. पहिला तास रोज बुडत होता. पाचशे रुपयांत आम्ही तिची सकाळ विकत घेतली होती, आणि माझ्या घरात समता आली म्हणून मी मैत्रिणींना सांगत सुटले होते. मावशींची वेळ पुन्हा साडेसात केली, पाचशे रुपये तसेच ठेवले. त्याचं मंगळवारचं पोहणं त्या महिन्यात गेलं ते गेलंच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गोव्याची शर्यत झाली. आम्ही सगळे गेलो होतो. तो समुद्रातून बाहेर आला तेव्हा मला रडू आलं, अभिमानानं. हेही सांगायला हवं, नाही तर तुम्हाला वाटेल मला शर्यतच नकोय. मुलांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. साडेसहा तासांच्या आत यायचं त्यानं मनात धरलं होतं. सात तास सहा मिनिटं लागली. परतताना गाडीत आंबोली येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, चाळीस मिनिटं त्या तक्त्यात गेली. मी म्हटलं, हो. यापेक्षा जास्त आम्ही त्यावर बोललो नाही.

गोव्याहून आल्यावर मुलं घरात शर्यत खेळायला लागली. फरशीवर पोहणं, खुर्चीची सायकल, मग व्हरांड्यात धावणं. थोरला बाबा. धाकट्याच्या हातात पाण्याची बाटली देऊन तो म्हणाला, तू आई हो, इथं उभा राहा. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्यानं बाटली खाली टाकली आणि भोकाड पसरलं, “मी आई नाही होणार. आईला मेडल नसतं.” मी आतून ऐकत होते, नवरा दारात होता. त्यानं काही उपदेश केला नाही. बाटली उचलली आणि म्हणाला, “मी होतो आई.” आणि उभा राहिला बाटली धरून, वीस मिनिटं. थोरल्याला ते पटलं नाही. बाबा आई कसा होईल, म्हणून त्यानं खेळ मोडला.

या शर्यतीच्या जन्माबद्दल मी नंतर वाचलं. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथं एक छोटी ट्रायथलॉन झाली. तीत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं अशी चौघंही उतरली होती. पुढं हवाईत गेल्यावर या दोघांनी मिळून १९७८ साली आयर्नमॅन सुरू केली. कल्पना दोघांची. पण पहिल्या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले ते पंधरा जण, पंधराही पुरुष. पुढच्या वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई धावली आणि तिनं शर्यत पूर्ण केली. चौघं उतरतात ते चार वर्षांत पंधरा पुरुष कसे होतात, यावर मी बराच विचार करते. शर्यतीचं नावही बघा ना, आयर्नमॅन.

आता सद्यःस्थिती. थोरला कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि गॅस बंद करतो. आपल्या चड्ड्या-बनियनच्या घड्या दोघं घालतात, वाईट घालतात. मी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तलावावर जाते. नवरा शिकवायला तयार होता, पण मी त्याच्याकडून शिकत नाही, दुसऱ्या एका बाई शिकवतात. अजून पाय टेकतील तिथपर्यंतच जाते.

नवऱ्याला आता पूर्ण अंतराची शर्यत करायची आहे. प्रशिक्षक म्हणतात, आठवड्याला पंधरा तास लागतील. गेल्या महिन्यात त्यानं स्वतः कोरा तक्ता आणून टेबलावर ठेवला आणि पंधरा तास पेन्सिलीनं भरले. समोरच्या रकान्यात अकरा तासांपर्यंत नावं लिहून झाली आहेत. चार तास रिकामे आहेत. मावशींचं नाव तिथं लिहायचं नाही, यावर आमचं एकमत आहे. माझं लिहायचं की नाही, यावर अजून व्हायचं आहे.

मी थांबते. प्रश्न विचारा, आणि तुमच्या घरातलंही सांगा.