गाडी बघायला जाताना पेंडीचं पोतं न्या

मी मुंबईत माझगावला राहते, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला. माहेर पाटण तालुक्यातलं. डिसेंबरात भाऊ, वहिनी आणि आई आमच्याकडे आले होते. निमित्त आईच्या गुडघ्यांचं होतं, पण भावाच्या डोक्यात गाडी होती. साधी नाही. जीपसारखी उंच, चारही चाकांनी ओढणारी, फोर बाय फोर.

जीपचं आणि आमच्या माझगावचं नातं जुनं आहे बरं का. 1945 साली महिंद्र अँड महंमद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग यायचे आणि ते इथे माझगावात जोडले जायचे. लढाईसाठी घडलेली गाडी ती. पुढे तिच्याच वंशातल्या जीपगाड्यांतून वडापनं आपण बाजाराला गेलोय, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

आता छोट्या फोर बाय फोरमध्ये थार आणि जिम्नी ही नावं तुम्ही ऐकली असतील. दोन्ही चार मीटरच्या आत. पोटाखाली मोकळी जागा थारला 226 मिलिमीटर, जिम्नीला 210, म्हणजे साधारण वीतभर. दगडगोट्यात ती वीत कामाची. पण बसतात चौघंच. आम्ही कोणती चालवली ते सांगत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही.

शोरूमवाल्यानं चावी सरळ भावाच्या हातात दिली. भाऊ आठवड्याचे पाच दिवस पुण्यात असतो. गाडी रोज चालवणार वहिनी. डेअरीला दुधाच्या किटल्या, पोरांची शाळा, आईला कराडचा दवाखाना, सगळं तिच्याच अंगावर. मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, “दादा, चालवणार मी आहे. लायसन्स आणलंय.” तो जरा वरमला. चावी तिच्याकडे आली.

तिनं आधी गाडी चालूच केली नाही. सीट पुढे घेतली, क्लच तळापर्यंत दाबून पाहिला, बॉनेटच्या पुढचं किती दिसतं ते पाहिलं. मला पुढे उभं केलं आणि म्हणाली, “वन्सं, खाली बसा.” मी बसले, तर मी तिला दिसेना! अंगणात लहान पोरं खेळतात, तिला तेच बघायचं होतं.

मग आम्ही भंडारवाड्याच्या टेकडीच्या चढाला लागलो. चढावर तिनं मुद्दाम गाडी थांबवली, हँडब्रेक लावला आणि पुन्हा उचलली. आमच्या गल्लीत हातगाड्या आणि टेम्पोंच्या मधून रिव्हर्स घेतली. अर्ध्या तासात तिचा डावा पाय भरून आला. भाऊ चालवत असता तर हे कुणाला कळलं असतं?

विक्रेता फोर बाय फोरचा दांडा दाखवत होता. ते समजून घ्या. टू एच म्हणजे दोन चाकांना ताकद, रोजच्या डांबरीसाठी. फोर एच म्हणजे चारही चाकांना, चिखल आणि वाळूसाठी. फोर एल म्हणजे हळू पण दांडगी ओढ, फसलेली गाडी काढायला. या पद्धतीच्या गाडीत कोरड्या डांबरीवर फोर एच लावून वळू नका. पुढची-मागची चाकं एका वेगाला बांधली जातात, वळताना टायर घासतात आणि आतल्या दातांवर ताण येतो. आणि चारही चाकांना ताकद आहे म्हणून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, आत पाणी गेलं असेल तर इंजिनच मोडतं.

शेवटी आईला बसवायचं ठरलं. एक पाय वर ठेवला, दुसरा उचलेना. भावानं मागून आधार दिला तेव्हा कुठे चढली. वर बसल्यावर म्हणते, “छान हाय रं, पर रोज तू असशील का चढवायला?” अशा काही गाड्यांना तर मागची दारंच नसतात, पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं.

घरी आल्यावर वहिनीनं पोरांच्या वहीत हिशेब मांडला. डेअरीपर्यंतचा रस्ता डांबरी. घराकडचा शेवटचा दीड किलोमीटर तांबड्या मातीचा, तोही पावसाळ्यातच फसवणारा. म्हणजे वर्षातले चार महिने आणि दीड किलोमीटर यासाठी बारा लाखांच्या वर कर्ज. भाऊ गप्प. पण तिनं नाहीही म्हटलं नाही. मागच्या श्रावणात शेजारची बाळंतीण त्याच दीड किलोमीटरात बैलगाडीत घालून आणावी लागली होती. ते ती विसरलेली नाही.

गावी गेल्यावर तिनं कराडच्या एका शोरूमला फोन लावला. गाडी आमच्या गावात आणा, मागे दोन भरलेल्या किटल्या आणि पेंडीचं पोतं ठेवून मी चालवणार, म्हणाली. तो म्हणाला, मॅडम, शोरूमसमोरच्या रस्त्यावर चालवून बघा की. ही अडून बसली. मॅनेजरला विचारून तो अखेर तयार झाला, तारीख विचारली.

तर म्हणाली, “आत्ता नको, दादा. पाऊस लागू दे, जुलैत या.”