जुनी मोटारसायकल घेताना



डांबरी रस्ता आणि खडकाळ पायवाट या दोहोंवर चालणारी मोटारसायकल असावी, ही आपल्या अनेक तरुणांची हौस आहे. नवी परवडत नाही, म्हणून ते जुनीच्या शोधात असतात. या जातीच्या गाडीशी जयपूरचे नातेही आहे. २०१९ साली बाजारात आलेली हिरोची एक्सपल्स २०० येथील कूकसच्या संशोधन केंद्रात विकसित झाली. तिचे पुढचे चाक २१ इंचांचे आणि जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आहे.

परंतु ज्या गुणासाठी अशी गाडी घ्यायची, त्याच गुणापायी ती झिजलेली असते. म्हणून टाकीची चकाकी न पाहता वाकून तिचे पोट पाहावे. इंजिनाखालच्या पत्र्यावरचे पोचे ती कोठे हिंडली ते सांगतात. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकी टिचकी मारावी. सैल स्पोक बद्द वाजतो. हवेच्या गाळणीपलीकडे वाळू दिसली, तर ती सिलिंडरपर्यंत पोहोचली असण्याचा संभव असतो. सांभर सरोवराच्या खारट मातीत फिरलेल्या गाडीची साखळी गंजलेली आहे का, तेही पाहावे. इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे.

एवढे पाहूनही निम्मेच काम होते. माझ्या पुतण्याने आपली गाडी एका परिचिताला विकली. "घरचाच माणूस आहे, कागद सावकाश होतील," असे त्याला सांगणारा मीच होतो. दोन वर्षांनी त्या गाडीला अपघात झाला. विमा संपलेला होता आणि नोंदणीपुस्तकात नाव पुतण्याचेच होते. न्यायालयाची नोटीस त्याच्या दारी आली.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यातील असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. परराज्यातील गाडी असेल, तर आधी तेथील ना-हरकत पत्र घ्यावे. बँकेचे कर्ज असेल, तर त्याचा बोजा उतरवून घ्यावा.

मित्रहो, पैसे मोजले आणि किल्ली हाती आली म्हणजे व्यवहार पुरा झाला असे नव्हे. नाव बदलले की तो पुरा होतो. ओळखीच्या माणसाशी हे अधिक कसोशीने पाळावे, कारण तेथे गाडीबरोबर स्नेहही पणाला लागलेला असतो.