तळ्याचें खत

शेतास शेणखत घालतात हें आपणांस ठाऊकच आहे. परंतु मासे पाळण्याच्या तळ्यासही तें घालतात, हें ऐकून नगरवासी गृहस्थांस नवल वाटेल. वस्तुतः हें खत माशांसाठीं नसून पाण्यासाठीं असतें. शेण कुजलें कीं त्यांतील नत्र व स्फुरद पाण्यांत उतरतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पति वाढतात, वनस्पतींवर सूक्ष्म जीव पोसतात, आणि त्या जीवांवर कटला वाढतो. तळाशीं सांचलेला कुजका अंश मृगळ वेंचून खातो. कोलकात्याच्या पूर्वेकडील तळ्यांत तर शहराच्या सांडपाण्यावरच याप्रमाणें मासे पोसतात. त्या पाणथळ प्रदेशास २००२ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाचें स्थान मिळालें.

मात्र येथें प्रमाण सुटलें कीं घात होतो. कुजण्यास प्राणवायु लागतो, आणि रात्रीं वनस्पतिही तोच घेतात. खत अधिक पडलें व आभाळ भरून आलें, तर पहाटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. उजाडेपर्यंत वर्षाची मेहनत पाण्यावर तरंगते.

यास्तव खत थोडथोडें घालावें. हात कोपरापर्यंत पाण्यांत बुडवावा. तत्पूर्वींच तळहात दिसेनासा झाला, तर खत थांबवावें.