इंजिन खोलण्याआधी

(शिवाजी पार्क, दादर येथे माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



2010 साली उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले, म्हणून आज भोंगा नाही. मागे बसलेल्यांनी पुढे सरकावे. विषय तसाही घोषणांचा नाही, हिशेबाचा आहे.

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. ही मागणी आपण वर्षानुवर्षे करत होतो. कसारा आणि माळशेज घाट उतरून शेतकरी स्वतःच्या पिकअपमध्ये माल भरून थेट मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत येऊ लागला. आडत वाचली, तोलाई वाचली. पण वाचलेला पैसा घरी पोचला का? गाडी फायनान्सवर घेतलेली. हप्ते फिटण्याआधीच इंजिन काम मागते. गाडी गॅरेजमध्ये उभी, हप्ता चालू, आणि शेतातला टोमॅटो काही लाल व्हायचा थांबत नाही. मग भाड्याची गाडी करायची, नाहीतर गावातल्याच व्यापाऱ्याला म्हणेल त्या भावाने माल द्यायचा. आडत्याच्या तावडीतून सुटलेला माणूस वर्कशॉपच्या बिलात सापडला, एवढाच याचा अर्थ.

सगळा दोष कंपनीच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून घाट चढवला, कूलंटच्या जागी विहिरीचे पाणी घातले, शिवारातल्या फुफाट्यात फाटका एअर फिल्टर चालवला, तर कोणतेही इंजिन लवकर बसेल. बारीक धूळ आत गेली की लायनर आणि पिस्टन रिंगा घासतात आणि गाडी ऑइल खाऊ लागते. हे कोणताही मेस्त्री सांगेल.

पण एक गोष्ट गाडी विकणारा सहसा सांगत नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशात बी.एस.-6 च्याच गाड्या विकल्या जाऊ लागल्या. धुरातली काजळी अडवण्यासाठी डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. शहराच्या हवेसाठी ते चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळावी लागते. हमरस्त्यावर गाडी एका वेगाने पळाली की ती जळते. पण सेनापती बापट मार्गावर पहाटेपासून पावला-पावलाने सरकायचे, माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे, असे झाले तर पुरेशी उष्णता मिळत नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडून धूर तापवतो. ते काम अर्धवट असताना इंजिन बंद केले, आणि असे वारंवार झाले, तर न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते. पातळ ऑइलने आधी बेअरिंगा आणि टर्बो जातो, मग क्रँक.

ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका. ऑइल वाढत नसते, त्यात डिझेल मिसळलेले असते. अशी गाडी तशीच घाट चढवू नका. आणि ऑइल बदलताना कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्याच प्रतीचे घ्या. जुन्या गाडीचे स्वस्त ऑइल नव्या गाडीत घातले, तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही.

आता समजा, एवढे सांभाळूनही इंजिन गेले. वर्कशॉपवाला म्हणतो, वॉरंटी बसत नाही, तुम्ही ऑइल बाहेर बदलले. आपला माणूस हताश होतो, गावच्या गॅरेजला गाडी ओढून नेतो, इंजिन खोलतो आणि जुने पिस्टन-बेअरिंग भंगारात देतो. खटला तिथेच संपतो. ग्राहक कायद्यात तरतूद आहे की, दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण पाठवायला काही शिल्लक तर पाहिजे! म्हणून इंजिन खोलण्याआधी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. खोलल्यावर निघालेला प्रत्येक भाग पोत्यात बांधून घरी आणा. फिटर हसला तर हसू द्या.

कंपनीचा वकील पुढचा मुद्दा काढील की, पिकअप ही धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात दिले आहे. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा माणूस ग्राहकच असतो, एक-दोन मदतनीस ठेवले म्हणून त्याचा हक्क जात नाही. मात्र गाडी घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिली, तर तो ग्राहक राहत नाही. 2019 च्या नव्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे. आणखी एक सोय त्या कायद्याने केली. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षांची आहे. ती वर्कशॉपच्या आश्वासनांत घालवू नका.

सरकारकडे मागायचे ते आम्ही वेगळे मानतो. सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आली, नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. पण तिथे निकष आहे पर्यावरणाला किंवा माणसांना धोका. ज्या दोषाने फक्त मालकाचे दिवाळे निघते, तो दोष त्यात धरलेला नाही. दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या मक्तेदारीची. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. बाजार समितीची मक्तेदारी मोडा म्हणणाऱ्या चळवळीने वर्कशॉपची मक्तेदारी सोसायचे कारण नाही. आम्हाला सबसिडी नको, स्वस्त गाडी नको. तालुक्याच्या मेस्त्रीला तेच यंत्र, तेच भाग आणि तीच माहिती विकत मिळाली पाहिजे, एवढेच.

एकट्याची तक्रार नशिबाची ठरते. एकाच मॉडेलचा एकच भाग दहा गावांत मोडला, तर प्रश्न कारखान्याला विचारता येतो. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने गाडीचे मॉडेल, खरेदीचे वर्ष, किती किलोमीटरला काय गेले आणि बिल किती झाले, हे कागदावर लिहून आणावे. जॉब कार्डाची झेरॉक्स सोबत लावावी. तालुकावार यादी तिथेच करू.