ग्लुटाथिओनची बाटली आणि बागेतले बोंडू



मे महिना म्हणजे चाकरमान्यांचे दिवस. मुंबईहून मुलगा येतो तो आई-वडिलांसाठी काहीतरी घेऊन येतो, आणि हल्ली त्या सामानात औषधी गोळ्यांच्या बाटल्या बऱ्याच असतात. अलीकडे त्यांत एक नाव वरचेवर दिसते : ग्लुटाथिओन. कुणी ते मधुमेहासाठी आणलेले असते, कुणी यकृतासाठी, कुणी थकव्यासाठी. तरुण मुलींच्या हातात तीच बाटली गोरेपणासाठी असते. आपल्या मसुरे गावात कुणाच्याही पडवीत बसलो की वडीलधारी माणसे मला एकच विचारतात, "ह्यां घेतलां तर साखर उतारतली काय?" प्रश्न रास्त आहे. घरातला पैसा त्यात जातो आणि दुखणे खरे असते. म्हणून आज त्याचे उत्तर सविस्तर द्यायचे ठरवले आहे.

ग्लुटाथिओन ही काही कारखान्यात शोधलेली नवी वस्तू नाही. आपल्या प्रत्येक पेशीत ते तयार होते आणि यकृतात सर्वांत जास्त असते. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये ते वेगळे काढून त्याला हे नाव दिले. आधी त्यांना वाटले, की यात दोनच अमिनो आम्ले आहेत. ती तीन आहेत हे १९२९ मध्ये नक्की झाले : ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन. यातल्या सिस्टीनमध्ये गंधक असते आणि सगळे काम त्या गंधकाच्या जोरावर चालते. श्वासाबरोबर आलेला प्राणवायू वापरताना पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जळजळीत द्रव्ये तयार होतात. ती निकामी करणे आणि औषधे, दारू, विषारी पदार्थ यांचे उरलेसुरले अंश यकृतातून बाहेर काढायला मदत करणे हे ग्लुटाथिओनचे काम. वय वाढते तसे ते कमी होत जाते. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्यांच्या शरीरात तर ते कमी प्रमाणात तयार होते, हे मोजून पाहिलेले आहे.

मग कमी पडते तर बाटलीतून भरून काढावे, असे कुणालाही वाटेल. अडचण पोटात आहे. आतड्यात आणि यकृतात ग्लुटाथिओनचे तुकडे करणारे विकर असते. १९९२ मध्ये सात निरोगी माणसांना एकाच वेळी सुमारे ३ ग्रॅम ग्लुटाथिओन देऊन पाहिले. रक्तातले प्रमाण म्हणावे असे वाढले नाही, आणि "तोंडाने घेऊन उपयोग नाही" हे मत पुढे वीसेक वर्षे टिकले. ते मत पुरते बरोबर नव्हते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ५४ जणांवर सहा महिने प्रयोग झाला. रोज २५० किंवा १००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तातले ग्लुटाथिओन हळूहळू वाढले. गोळ्या थांबवल्यावर महिन्याभरात ते पुन्हा होते तिथे आले. एका दिवसात काही होत नाही, महिनोन् महिने घेतले तर थोडे साठते आणि बंद केले की संपते, असा त्या दोन प्रयोगांचा अर्थ.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग मात्र पुण्यातला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या सरोज घासकडबी, पुण्याच्या आयसरमधले प्रणय गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. मधुमेहाची औषधे आधीपासून घेत असलेली २५० माणसे त्यांनी निवडली. त्यांतल्या काहींना नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथिओन सहा महिने दिले, बाकीच्यांची नुसती औषधे चालू ठेवली. ग्लुटाथिओन घेणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले. पेशीतल्या डीएनएला पोचणारी इजा ज्या खुणेवरून मोजतात ती खूण कमी झाली. साखरेचा फायदा मात्र सगळ्यांना सारखा झाला नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए-वन-सी ठळकपणे उतरले ते ५५ वर्षांवरच्या माणसांत.

हे आपल्या माणसांवर, आपल्या राज्यात झालेले काम आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ते जेवढे सांगते तेवढेच घ्यावे. ती माणसे आपली औषधे घेतच होती, आणि ग्लुटाथिओन त्या औषधांच्या जोडीला होते. बाटली आली म्हणून मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन बंद करण्याला या प्रयोगात कसलाही आधार नाही. तिशीतल्या निरोगी मुलाने ते घ्यावे असेही त्यातून निघत नाही.

आता बाटलीवर लिहिलेले नसते ते सांगतो. ग्लुटाथिओन एकदा वापरले की संपत नाही, ते दुसऱ्या रूपात जाते. कालावलच्या खाडीत होडी माणसे पलीकडे सोडते आणि रिकामी परत आणावी लागते, तसे त्याला पुन्हा मूळ रूपात आणावे लागते. परत आणणारा नसेल तर होड्या कितीही वाढवा, सगळ्या पलीकडच्या काठाला अडकतील. परत आणणाऱ्या विकराचे नाव ग्लुटाथिओन रिडक्टेज, आणि ते चालते ब-२ जीवनसत्त्वावर, म्हणजे रायबोफ्लेविनवर.

हा संबंध इतका घट्ट आहे की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत महताब बामजी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरून माणसाचे ब-२ जोखायची पद्धत अभ्यासली. रक्तातल्या तांबड्या पेशी घ्यायच्या, त्यांतल्या या विकराचे काम मोजायचे. मग परीक्षानळीत ब-२ पासून बनलेले द्रव्य टाकायचे आणि पुन्हा मोजायचे. काम एकदम वाढले, तर ते विकर उपाशी होते असे समजायचे. भारतातल्या गरीब घरांत ब-२ ची उणीव फार आढळते. ओठांचे कोपरे फाटतात, जीभ लाल होते, आणि आपण उष्णता झाली म्हणून सोडून देतो. ज्याच्या अंगात ब-२ नाही त्याने ग्लुटाथिओनची महागडी बाटली घेणे मला पटत नाही. दूध, ताक, अंडी, पालेभाज्या यांत ब-२ असते. दूध उन्हात ठेवले तर त्यातले ब-२ नासते, म्हणून भांडे झाकून सावलीत ठेवावे. आणि आपली उकड्या तांदळाची पेज पाण्यासकट पितात, हे चांगलेच आहे. तांदळात ब-२ मुळात थोडेच, पण जे काही पाण्यात उतरते ते मोरीत जात नाही.

दुसरा साथीदार सेलेनियम. पेरॉक्साइडचे पाणी करणाऱ्या विकरात सेलेनियमचा अणू बसलेला असतो हे १९७३ मध्ये उमगले. मसुऱ्यात मासे खाणाऱ्या माणसाला याची चिंता नको. बांगडा, तारली, पेडवे यांत ते भरपूर असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा सुके बांगडे नि गोलमा आहेतच. सेलेनियमच्या वेगळ्या गोळ्या इथल्या माणसाने घेऊ नयेत. ते जास्त झाले तर केस गळतात, नखे ठिसूळ होतात.

तिसरे क जीवनसत्त्व, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथिओन एकमेकांना वाचवतात. १९९३ मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांना रोज ५०० मिलिग्रॅम क दिले, तेव्हा त्यांच्या तांबड्या पेशींतले ग्लुटाथिओन जवळपास ५० टक्क्यांनी वाढले. मात्रा चौपट करून २००० मिलिग्रॅम केली, तर त्याहून विशेष काही वाढले नाही. थोडे रोज हवे, फार नको. आपल्याकडे बहुतेकांना वाटते की कोकम घेतो म्हणजे क मिळते. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा आहे. सोलकढी जरूर प्यावी, पण क जीवनसत्त्वासाठी तिच्यावर अवलंबून राहू नये.

क आहे बोंडवात, म्हणजे काजूच्या फळात. १०० ग्रॅम बोंडवात संत्र्याच्या कितीतरी पट क असते, आणि मार्च ते मे आपल्या काजूच्या बागांत त्याचा सडा पडलेला असतो. बी पिरगळून काढतो, बोंडू तिथेच टाकतो. दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या आणि वास. शेजारच्या गोव्यात त्याचा रस काढतात, पण तो फेणीसाठी. घशाला खवखवते म्हणून आपल्या घरात तो फारसा येत नाही. ती खवखव टॅनिनची. पिकलेला, पिवळाधमक झालेला, झाडाखाली ताजा पडलेला बोंडू घ्या. धुऊन चकत्या करा, मीठ लावून थोडा वेळ ठेवा, सुटलेले पाणी काढून टाका. खवखव बरीच जाते. थोडे क पाण्याबरोबर जाईल, तरी उरते ते पुष्कळ. मधुमेह्याने एक-दोन चकत्या खाव्यात, वाटीभर रस पिऊ नये, कारण त्यात साखर आहे. काजू संपला की पेरू, आवळा आणि शेवग्याचा पाला आहेच.

आता कच्चा माल. ग्लुटाथिओन तयार करताना सर्वांत आधी तुटवडा पडतो तो सिस्टीनचा. मासे, अंडी यांत ते मिळते. शाकाहारी घरात भात आणि डाळ किंवा कुळीथ एकत्र खावे, कारण डाळीत गंधकाची अमिनो आम्ले कमी असतात आणि भात ती उणीव काही अंशी भरतो. ग्लायसीन माशाच्या कातडीत आणि काट्यात जास्त असते. छोटे पेडवे काट्यासकट खातात, माशाच्या डोक्याची आमटी करतात, त्यांत ते मिळते.

हा कच्चा माल किती महत्त्वाचा, हे पॅरासिटामॉलवरून कळते. ते प्रमाणाबाहेर गेले की त्याचे एक विषारी रूप यकृतातले ग्लुटाथिओन खाऊन टाकते, आणि ते संपत आले की यकृताच्या पेशी मरू लागतात. अशा रुग्णाला जगभरचे डॉक्टर अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात, म्हणजे सिस्टीनच, पेशीत सहज शिरेल अशा रूपात. आठ तासांच्या आत दिले तर गुण उत्तम येतो. जीव वाचवायचा असतो तेव्हासुद्धा ग्लुटाथिओन ओतत नाहीत, यकृताला ते स्वतः तयार करायला लावतात. म्हणून पावसाळ्यात ताप आला की तापाची, सर्दीची, अंगदुखीची अशा तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेऊ नका. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. निरोगी मोठ्या माणसालाही दिवसात चार ग्रॅमच्या वर ते चालत नाही. लेप्टोस्पायरोसिसच्या दिवसांत आणि दारू पिणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोरेपणाबद्दल मी थोडेच बोलणार, पण कडक बोलणार. शहरातल्या सौंदर्य-दवाखान्यांत शिरेतून ग्लुटाथिओन देतात, बरोबर क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा असते. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच अशा इंजेक्शनांविरुद्ध इशारा दिला होता. काही माणसांत जी-सिक्स-पी-डी हे विकर जन्मतः कमी असते. ग्लुटाथिओन परत आणायला लागणारी शक्ती तांबड्या पेशींना त्याच विकरातून मिळते. हिवतापावर प्रायमाक्विन घेतल्यावर ज्यांची लघवी काळसर लाल झाली, त्यांच्यात ही उणीव असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाच्या शिरेत क ची मोठी मात्रा गेली तर तांबड्या पेशी फुटून जीव धोक्यात येतो. लग्न ठरले म्हणून मुलीला सलाइन लावायला नेऊ नका. सावळा रंग हा आजार नाही आणि त्याला औषध लागत नाही.

मग पडवीतल्या प्रश्नाचे उत्तर काय? तुम्ही ५५ च्या पुढचे, मधुमेही, औषधे नियमित घेणारे, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पुण्याच्या प्रयोगाएवढी आशा धरायला हरकत नाही. बाटली उघडण्याआधी एचबीए-वन-सी तपासून घ्या आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचे तीन महिने दुसरे औषध वाढवू-कमी करू नका. डॉक्टरांनी बदलले तर तेही तारखेसह लिहा, म्हणजे कशाने काय झाले ते कळेल. अधेमधे घाम फुटून हातपाय कापले तर साखर फार उतरली असेल, लगेच मोजा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आकडा खाली आला नसेल तर मुंबईला फोन करून मुलाला सांगा, पुढची बाटली आणू नको.